किडा आधी की तहान आधी?

प्रश्न : माझा भाचा कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात शिकतो. घरमालकाकडचा एक जुना फोटो त्यानं पाठवलाय, अख्खा डोंगर विटकरी लाल. छोटा किडा पाइनची झाडं मारतो आणि म्हणून तिकडे वणवे पेटतात, असं तो म्हणतो. खरं आहे का? आमच्या गौताळा अभयारण्यातही उन्हाळ्यात वणवे लागतात, तिथंही असाच किडा असेल का?
– एक वाचक, कन्नड

उत्तर : भाचा अर्धं खरं सांगतोय. उरलेलं अर्धं मला आमच्या अंबडच्या मोसंबीनं शिकवलं.

2012 चा पाऊस कोरडा गेला. 2013 च्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला, भावानं चार महिने टँकर विकत घेतले. आधी शेंडे वाळले. मग खोडांवर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसली, बुडाशी पिठासारखा भुसा. "किड्यानं बाग खाल्ली," भाऊ म्हणाला. मी कीटकशास्त्र शिकवायचे, तरी त्या दिवशी मलाही तसंच वाटलं. पण विहिरीकडेच्या, ओल मिळणाऱ्या दोन ओळींना एकही भोक नव्हतं. बाकीची बाग आम्ही मोडली.

पाइनवरचा किडा म्हणजे एक भुंगेरा, मोसंबीला भोकं पाडणाऱ्याच्याच घराण्यातला, तांदळाच्या दाण्याएवढा. मादी साल कोरून आत शिरते आणि आंतरसालीत अंडी घालते. निरोगी झाड राळ सोडून तिला भोकातच अडकवतं. तहानलेल्या झाडाला पुरेशी राळ सोडता येत नाही. मादी आत टिकली की गंध सोडते आणि त्या गंधावर शेकडो भुंगेरे एकाच झाडावर तुटून पडतात. त्यांच्यासोबत निळी बुरशी येते, ती लाकडातल्या पाण्याच्या वाटा बुजवते. अळ्या आंतरसाल खातात, म्हणजे पानांनी केलेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. पुढच्या उन्हाळ्यात सुया, म्हणजे पाइनची सुईसारखी पानं, लाल होतात. तुमच्या फोटोतला रंग तोच.

ब्रिटिश कोलंबियात पूर्वी उणे 40 अंशांच्या आसपास थंडी पडली की सालीखालच्या अळ्या मरायच्या. 1990 च्या दशकापासून तशी थंडी विरळ झाली. वर्षानुवर्षं प्रत्येक आग विझवल्यामुळे एकाच वयाची म्हातारी झाडं दाटीनं उभी होतीच. सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टर जंगलाला झळ पोचली. आपला मराठवाडा साधारण 65 लाख हेक्टरचा आहे, म्हणजे जवळजवळ पावणेतीन मराठवाडे. कॅलिफोर्नियात 2012 ते 2016 चा दुष्काळ पडला, तेव्हा 12 कोटींहून जास्त झाडं वाळली. आमच्या बागेसारखीच तिथंही तहान आधी, भुंगेरा मागून.

आता आगीचं. लाल सुयांमध्ये हिरव्यांच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका ओलावा असतो, त्या चटकन पेट घेतात. पण दोन-तीन वर्षांत सुया गळतात. मग नुसत्या खराट्यासारख्या उभ्या झाडांमधून आग शेंड्याशेंड्यानं पळायला काही उरत नाही. नंतर ओंडके आडवे पडले की जमिनीवरची आग जास्त तापते आणि ती विझवायला जाणाऱ्या माणसांचा जीव धोक्यात येतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये पश्चिम अमेरिकेचे नकाशे ताडून पाहिले, तर भुंगेऱ्यानं मारलेलं जंगल इतर जंगलापेक्षा जास्त जळलेलं दिसलं नाही. मोठा वणवा ठरवतात ते दुष्काळ, ऊन आणि वारा. म्हणून किड्यामुळेच वणवे, हे मला पटत नाही.

गौताळ्यात पाइन नाही, त्यामुळे हा भुंगेराही नाही. पावसाळा सरताना आपल्या सागाची पानं जाळीदार होतात, ते एका अळीचं काम. पण पान खाल्लं तर झाड पुन्हा पालवतं, साल गेली की संपतं. तुमच्याकडे पेटतं ते फाल्गुन-चैत्रातलं वाळलेलं गवत आणि पाचोळा, आणि काडी बहुतेक वेळा माणसाचीच असते. कुणी बांध पेटवून घरी जातो, कुणाला वाटतं गवत जाळलं की नवं जोमानं येईल. वनरक्षक जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाचोळा काढलेला पट्टा, काढायला निघतील तेव्हा गावातली चार पोरं घेऊन तुम्हीही जा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

डाळिंब असेल तर खोडाच्या बुडाशी बारीक भोकं आणि भुसा दिसतो का, ते बघत जा. औषधाआधी झाडाला पाणी पुरतंय का, हे पाहा.

आणि भाच्याला त्याच डोंगराचा आजचा फोटो काढायला सांगा. मेलेल्या झाडांच्या मधून कोवळा पाइन वर आलाय का, ते मला बघायचंय.