विद्यापीठाच्या सर्वेक्षण केंद्रातील नोकरी संपल्यावर पुढे कोणते मार्ग असतात?

तुम्ही विचारले आहे की, विद्यापीठाच्या सर्वेक्षण संशोधन केंद्रात चार वर्षे क्षेत्र-पर्यवेक्षक, म्हणजे मुलाखतकारांच्या कामावर देखरेख करणारे, म्हणून काम केले, आता करार संपत आला आहे आणि केंद्रातील वरिष्ठ म्हणतात की पीएचडी नसेल तर या अनुभवाला बाहेर काही किंमत नाही; मग पुढे काय करावे? पहिला भाग वाचून मी कदाचित पुढे गेले असते. वरिष्ठांच्या त्या वाक्याशी मात्र थांबले, कारण जवळजवळ याच अर्थाचे वाक्य मलाही ऐकवले गेले होते आणि तेव्हा मला त्याचे उत्तर देता आले नव्हते.

थोडक्यात सांगायचे तर किंमत आहे, आणि ती केंद्रात असते त्याहून केंद्राबाहेर अधिक आहे. माझ्याबरोबर काम केलेल्यांपैकी बहुतेक जण सरकारी सांख्यिकी कार्यालयांत किंवा सर्वेक्षणे करून देणाऱ्या खासगी संस्थांत गेले. दोघी औषधचाचण्यांच्या समन्वयक झाल्या, कारण संमतिपत्र नीट समजावून सांगणे, ठरलेल्या दिवशी पुनर्भेट घेणे आणि ठरवून दिलेल्या पद्धतीपासून कुठे ढळलो याची त्याच दिवशी नोंद करणे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. टॅबलेटवरची प्रश्नावली तयार करणारा आमचा सहकारी आज एका सॉफ्टवेअर कंपनीच्या चाचणी विभागात आहे. एका उत्तरावरून पुढचे कोणते प्रश्न वगळले जावेत आणि कोणते मुळीच वगळले जाऊ नयेत, हे तपासण्यात त्याची कितीतरी वर्षे गेली होती, आणि नोकरीच्या मुलाखतीत त्याने तेवढेच समजावून सांगितले. मोकळ्या उत्तरांना संकेतांक देणारी एक जण सर्वेक्षणांचा डेटा जतन करणाऱ्या संग्रहात गेली. दोघांनी पीएचडीला प्रवेश घेतला, त्यांतल्या एकाने ती पूर्ण केली. काही जण या क्षेत्रातून पूर्णपणे बाहेर पडले आणि तेही सुखात आहेत.

तुमच्या वरिष्ठांना या विषयाचा इतिहास ठाऊक असायला हवा होता. मिशिगन विद्यापीठाचे सर्वेक्षण संशोधन केंद्र १९४६ साली उभे राहिले ते मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे, आणि ही मंडळी आली होती अमेरिकेच्या कृषी खात्यातील सर्वेक्षण विभागातून. म्हणजे ज्या केंद्राकडे इतर विद्यापीठे आदर्श म्हणून पाहतात, तेच मुळात आधीची नोकरी मागे टाकून आलेल्या माणसांनी उभारले. त्यांच्यापैकी नमुना-निवडीचे तज्ज्ञ लेस्ली किश तिथे रुजू झाले तेव्हा त्यांच्याकडे पीएचडी नव्हती; ती त्यांना १९५२ साली मिळाली. त्याआधी, १९४९ मध्येच, घरातील नेमक्या कोणत्या व्यक्तीची मुलाखत घ्यायची हे मुलाखतकाराच्या मर्जीवर न सोडणारा तक्ता त्यांनी प्रसिद्ध केला होता. तुमच्या हाताखालचे मुलाखतकार कदाचित आजही तोच तक्ता वापरत असतील. त्याच केंद्राचे पुढच्या काळातील संचालक रॉबर्ट ग्रोव्हज २००९ साली अमेरिकेच्या जनगणना विभागाचे प्रमुख झाले, २०१०ची जनगणना त्यांच्या कारकिर्दीत झाली आणि २०१२ मध्ये ते जॉर्जटाउन विद्यापीठाचे प्रोव्होस्ट, म्हणजे मुख्य शैक्षणिक अधिकारी, म्हणून गेले. केंद्रातून सरकारी कार्यालयात आणि कार्यालयातून केंद्रात अशी ये-जा या व्यवसायात पहिल्या दिवसापासून चालत आलेली आहे.

आता माझी हकिकत सांगते. मी एका विद्यापीठाच्या केंद्रात मुलाखतकार म्हणून लागले आणि सात वर्षांनी क्षेत्र-समन्वयक म्हणून बाहेर पडले. या काळात माझे पाच करार झाले. शेवटचे काम आरोग्य-सर्वेक्षणाचे होते. घरात १५ ते ४९ वयाची स्त्री असेल तर तिची लांबलचक मुलाखत घ्यायची. सव्वा तास सहज जायचा. अशी स्त्री नसेल तर घरातील माणसांची वयांसह यादी आणि मोजके प्रश्न, वीस मिनिटांत काम संपायचे. तिसऱ्या आठवड्यातील एका संध्याकाळी मी मुलाखतकारांच्या एका तुकडीच्या घरयाद्या चाळत होते आणि सहज म्हणून वहीत दोन रकाने आखून स्त्रियांची वयेच तेवढी उतरवू लागले. डावीकडे ४७, ४८, ४९. उजवीकडे ५०, ५१, ५२. पान भरत आले तेव्हा डावा रकाना जवळजवळ कोरा होता आणि उजव्या रकान्यात रेघा मावत नव्हत्या. मग मुलींची वये पाहिली. चौदा वर्षांच्या मुली पुष्कळ, पंधरा वर्षांची क्वचितच एखादी. शेजारच्या तुकडीच्या याद्यांमध्ये असे काहीच नव्हते.

या कामात मुरलेल्यांना हा प्रकार ठाऊक असतो. वयाची सीमा ओलांडली की मुलाखत टळते, म्हणून वय हळूच सीमेपलीकडे सरकते. पाच वर्षांखालील बालकांचे प्रश्न टाळण्यासाठी मुलाची जन्मतारीख काही महिने मागे जाते, तीही याच कारणाने. मी दुसऱ्या दिवशी वही घेऊन प्रकल्पप्रमुखांकडे गेले. ते प्राध्यापक होते, विद्वान होते आणि मला त्यांच्याविषयी आदर होता. त्यांनी वही उघडलीही नाही. वयांचे वितरण पाहणे हे विश्लेषकाचे काम आहे, ते डेटा पूर्ण आल्यावर होईल, तुम्ही फॉर्म वेळेवर पाठवण्याकडे लक्ष द्या, असे ते म्हणाले.

तेव्हा मी त्या तुकडीच्या अकरा घरांना स्वतः पुनर्भेट दिली. वय थेट विचारले नाही. थोरल्या मुलाचे वय, त्याच्या जन्माच्या वेळी आईचे वय, जन्मतारखेचा एखादा कागद, अशा आडवाटेने गेले. पन्नाशीच्या पुढे लिहिलेल्या नऊ स्त्रियांपैकी सहा जणी पन्नाशीच्या आतल्या निघाल्या. एक तर चव्वेचाळीस वर्षांची होती आणि तिच्या पाळण्यात सात महिन्यांचे बाळ होते. ते बाळ आमच्या यादीत सुनेच्या नावावर टाकलेले होते, आणि त्या घरात सूनच नव्हती.

ज्या मुलीने ती यादी भरली होती तिला मी रात्री बोलावले. ती खोटारडी नव्हती. दिवसाला चार मुलाखती पूर्ण झाल्या नाहीत तर मानधन कापले जाई, आणि चार लांब मुलाखती एका दिवसात प्रामाणिकपणे होणे शक्य नव्हते. ते उद्दिष्ट केंद्रातील एका खोलीत बसून ठरवलेले होते. ती रडली नाही की तिने कारणेही सांगितली नाहीत; एवढेच विचारले, “ताई, मग तुम्ही सांगा, मी काय करायचं होतं?” याचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि मी तसे कबूलही केले.

मी त्या तुकडीच्या फॉर्मांवर सही करण्यास नकार दिला. बरेच वाद झाले, अखेर त्या भागातील सगळी घरे नव्या तुकडीने पुन्हा केली, दैनंदिन उद्दिष्ट खाली आणले गेले आणि अहवाल सहा आठवडे लांबला. अहवालाच्या परिशिष्टात या सगळ्याविषयी एकच वाक्य आले: “डेटाच्या गुणवत्तेची काटेकोर तपासणी करण्यात आली.” कोणी केली, कशी केली, काय सापडले, यांतले काहीही नाही. प्रकाशनानंतरच्या बैठकीत मी ते विचारले तेव्हा प्रकल्पप्रमुख सर्वांदेखत म्हणाले की क्षेत्रातली मंडळी माहिती आणतात, संशोधन आम्ही करतो. माझा सहावा करार झाला नाही. निधी संपल्याचे कारण दिले गेले आणि निधी खरोखरच संपला होता, त्यामुळे त्याविषयी माझा आरोप नाही.

प्रकल्पप्रमुखांच्या त्या वाक्याला मात्र आज मी उत्तर देऊ शकते. एकाच मुलाखतकाराने घेतलेल्या मुलाखतींमधील उत्तरे थोडीबहुत एकमेकांसारखी असतात, कारण विचारण्याची लकब, घाई, गृहीतके एकाच माणसाची असतात. हे साम्य मोजणारा सहसंबंध अवघा ०.०२ आहे असे धरा आणि प्रत्येक मुलाखतकाराने ५१ मुलाखती घेतल्या असे धरा. विचरण, म्हणजे नमुन्यावरून काढलेला आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचे माप, किती पटीने वाढते? १ अधिक ५० (५१ वजा १) गुणिले ०.०२, म्हणजे दुप्पट. तुमचे २,००० उत्तरदाते अचूकतेच्या दृष्टीने १,००० उत्तरदात्यांइतकेच उरतात, आणि विश्लेषक संगणकासमोर बसण्यापूर्वीच हे घडून गेलेले असते. किश यांनी मुलाखतकारांमुळे येणाऱ्या या विचरणावर १९६२ साली स्वतंत्र लेख लिहिला. त्याच्याही कितीतरी आधी भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील पिकांच्या सर्वेक्षणांत एकाच प्रदेशासाठी दोन स्वतंत्र नमुने काढून ते वेगवेगळ्या तुकड्यांकडे सोपवण्याची पद्धत आणली, ती दोन तुकड्यांच्या आकड्यांमधील तफावत उघड दिसावी म्हणूनच. या शास्त्राच्या थोरांनी क्षेत्रकार्याला हमाली मानले नाही, तर तुमच्या आणि माझ्या वरिष्ठांनी ते तसे मानण्याला काहीही आधार नाही.

करार संपल्यानंतर आठ महिन्यांनी मी एका सांख्यिकी कार्यालयाच्या निवड समितीसमोर बसले होते. प्रबंध नाही, प्रकाशित लेख नाहीत, हे पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट झाले होते. मग समितीतील एका बाईंनी विचारले, “आलेला आकडा चुकीचा आहे हे तुम्हाला कशावरून कळतं?” मी समोरचा कागद ओढला, दोन रकाने आखले, डावीकडे ४७, ४८, ४९ लिहिले आणि उजवीकडे ५०, ५१, ५२. पुढची वीस मिनिटे त्या कागदावरच बोलणे झाले. त्या कार्यालयात मला आता अकरा वर्षे होतील. नव्याने येणाऱ्या पर्यवेक्षकांना मी जे प्रशिक्षण देते त्याचा पहिला तास याच दोन रकान्यांचा असतो.

म्हणून तुम्हाला सांगते, अर्जात “क्षेत्रकार्याचे पर्यवेक्षण केले” असे लिहू नका, त्यातून कोणालाही काही कळत नाही. किती मुलाखतकार होते, त्यांतले किती शेवटपर्यंत टिकले, पडताळणीच्या भेटी किती घेतल्या, कोणती गडबड पकडली आणि ती निस्तरली कशी, हे लिहा. प्रतिसाद-दर, म्हणजे निवडलेल्यांपैकी कितींनी मुलाखत दिली ते प्रमाण, लिहाल तर तो कोणत्या व्याख्येने काढला तेही लिहा. अमेरिकेतील लोकमत-संशोधकांच्या संघटनेने १९९८ साली यासाठी प्रमाण व्याख्या प्रसिद्ध केल्या आणि जाणकार माणूस तेवढ्या एका ओळीवरून तुम्हाला ओळखतो. तुम्ही स्वतः लिहिलेली प्रशिक्षण-पुस्तिका किंवा तपासणीची पद्धत बाहेर दाखवण्याची लेखी परवानगी आताच मागून घ्या. उत्तरदात्यांच्या माहितीचा एकही कागद बरोबर नेऊ नका. गोपनीयतेचे वचन करारानंतरही तुमच्यावर बंधनकारक राहते, आणि ते मोडणाऱ्याला या क्षेत्रात पुन्हा कोणी उभे करत नाही.

माझा अनुभव घरोघर जाऊन केलेल्या मोठ्या सर्वेक्षणांचा आहे. तुमचे केंद्र प्रामुख्याने दूरध्वनीवरून किंवा ऑनलाइन काम करत असेल तर काही गोष्टी वेगळ्या असतील. वर उल्लेख केलेले ग्रोव्हज पीएचडीधारक होते आणि किश यांनीही ती पुढे घेतलीच, हे मी लपवत नाही. प्रकल्पप्रमुखांचे एक म्हणणे खरे होते: मला तेव्हा भारांक (कोणत्या उत्तरदात्याचे उत्तर किती वजनाने मोजायचे तो आकडा) कसे काढतात ते येत नव्हते आणि नमुना-त्रुटीचे, म्हणजे सगळ्यांऐवजी काहींनाच विचारल्यामुळे पडणाऱ्या फरकाचे, सूत्र मी पाठ केले होते, समजून घेतले नव्हते. नोकरीविना गेलेल्या त्या आठ महिन्यांत मी नमुना-निवड आणि एक सांख्यिकी सॉफ्टवेअर नेटाने शिकले, आणि ते शिकले नसते तर निवड समितीसमोर वीस मिनिटे बोलता आले नसते. तेवढे तुम्हीही शिका. अध्यापन करायचे असेल किंवा स्वतःच्या नावाने प्रकल्प मिळवायचे असतील तर पीएचडी करा. केवळ वरिष्ठांना खोटे ठरवण्यासाठी आयुष्याची पाच-सहा वर्षे त्यात घालू नका.

आणि करार संपण्यापूर्वी एक गोष्ट जरूर करा. तुम्ही काम केलेल्या सर्वेक्षणाच्या अहवालात क्षेत्र-पर्यवेक्षकांची नावे आणि प्रत्येकाने नेमके काय केले ते छापावे, अशी मागणी ईमेलने करा, तोंडी करू नका. नकार आला तर त्याचे कारणही ईमेलनेच विचारा. मी त्या बैठकीत तोंडी विचारले होते आणि बैठकीच्या इतिवृत्तात माझा प्रश्न आलाच नाही.