आधी कागद माग, मग मंडप टाक

बेटा,

काल रात्री आलेला तुझा मेसेज सकाळी परत वाचला. गावातल्या सहा दिव्यांगांचं संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान थांबलं, कुणाचं तीन महिन्यांपासून, कुणाचं पाच. दोनदा तहसीलला जाऊन आलात, दोनदा ऑटोचं भाडं गेलं, आणि खिडकीतून एवढंच ऐकायला आलं, "वरूनच बंद झालं बाप्पा, आमी काय करू?" आता तू विचारतेस, मावशी, उपोषणाला बसू, आमदाराकडे जाऊ, की व्हिडिओ काढून टाकू?

तुझ्या मेसेजमध्ये सगळ्यांची नावं आहेत, टक्केवारी आहे, संताप आहे. कागद मात्र एकही नाही. अनुदान कोणत्या कारणाने थांबलं हे सहांपैकी एकालाही लेखी मिळालेलं नाही, आणि तुमच्यापैकी कुणी ते लेखी मागितलेलंही नाही. म्हणून तुझ्या तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच आहे. लेखी माग.

सहा जणांचे सहा अर्ज कर. सगळ्यांच्या सह्यांचं एकच निवेदन देऊ नको. निवेदनाला "नियमानुसार कार्यवाही सुरू आहे" अशी एक ओळ लिहिली की ते निकाली निघतं. प्रत्येकाच्या वेगळ्या अर्जाला मात्र प्रत्येकाची फाइल काढून उत्तर द्यावं लागतं. अर्ज तहसीलदारांच्या नावाने, संगांयो (संजय गांधी योजना) शाखेसाठी. नाव आधारवर आहे तसंच, एका काना-मात्रेचाही फरक नको. यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा क्रमांक, खात्याचे शेवटचे चार आकडे, आणि शेवटचा हप्ता जमा झाल्याची तारीख. ही तारीख आठवणीतून लिहायची नाही, आधी बँकेत जाऊन पासबुक छापून आणायचं. मग प्रश्न: अनुदान कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या कारणाने थांबवलं? थांबवण्याआधी नोटीस दिली होती का, असेल तर तिची प्रत द्यावी. निर्णय तालुका समितीत झाला असेल तर त्या बैठकीचं इतिवृत्त द्यावं. कोणता कागद कमी आहे? सुरू झाल्यावर थकलेल्या महिन्यांचे पैसे कधी मिळणार? विनंती सगळ्यात शेवटी, एका ओळीत. सुरुवातच "मी गरीब अपंग आहे" अशी केलीस तर अर्ज दयेचा होतो, आणि दयेचं उत्तर लेखी मिळत नाही.

दोन प्रती काढ. एक त्यांना दे, दुसरीवर कार्यालयाचा गोल शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घे. हा क्रमांकच तुझा खरा पुरावा. नुसता शिक्का असेल तर उद्या रजिस्टरमध्ये अर्ज सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणजे तो आलाच नाही असं म्हणतात. बाबू म्हणेल, "ठेवून जा, सोमवारी येजो." तिथून हलू नको. क्रमांक दिलाच नाही तर पोस्टात जा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, त्यामुळे काउंटरवर नोंदणी आणि पोच असलेलं स्पीड पोस्ट माग. पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेव. आणि शाखा वरच्या मजल्यावर असेल, रॅम्प नसेल, तर तुझी तीनचाकी खाली उभी कर आणि कर्मचाऱ्याला खाली बोलाव. पोरांच्या खांद्यावर बसून वर जाऊ नको.

आता "बंद" या शब्दाविषयी. तुझ्या मेसेजमध्ये ओळीओळीला बंद आहे. अगं, बंद म्हणजे एकच दुखणं नाही, आणि दुखणं ओळखल्याशिवाय औषध काय देशील?

पहिली तपासणी बँकेत कर. पैसा आता डीबीटीने (सरकारकडून थेट खात्यात) येतो, म्हणजे खाते क्रमांक पाहून येत नाही, आधार पाहून येतो. एनपीसीआयच्या (बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत तुझा आधार शेवटी ज्या बँकेशी जोडला गेला, तिथे तो जाऊन पडतो. गावात कुणी टेबल टाकून अंगठा घेतला आणि पोस्टाच्या बँकेचं किंवा आणखी कुठलं खातं उघडून दिलं असेल, तर हप्ते तिकडे जमा होत राहतात आणि माणूस जुन्या पासबुकात शोधत बसतो. बँकेत "आधार लिंक आहे का" असं विचारशील तर हो म्हणतील. "डीबीटीसाठी माझं आधार सीडिंग कोणत्या बँकेत आहे" असं विचार. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन वर्षं व्यवहार झाला नसेल तर खातं निष्क्रिय होतं, केवायसी दिली की चालू होतं. सहांपैकी एखादं प्रकरण इथेच सुटेल, त्यासाठी मोर्चा लागत नाही.

दुसरं, दरवर्षीचा हयात दाखला दिला का? दिला म्हणतात, पण पोच आहे का? बघ, आलीस ना परत तिथेच.

तिसरं, अपंगत्वाचं प्रमाणपत्र. ते तात्पुरतं असेल तर त्यावर मुदत लिहिलेली असते, आणि ती बारीक अक्षरातली तारीख कुणी वाचत नाही. मुदत संपली की नाव अडकतं. जिल्हा रुग्णालयात नूतनीकरणाला वेळ लागतो, म्हणून तारखेच्या तीन-चार महिने आधी अर्ज टाकायचा आणि त्या अर्जाची पोच तहसीलला द्यायची.

चौथं, लाडकी बहीण. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १५०० किंवा जास्त मिळत असतील तर ती बाई लाडक्या बहिणीला अपात्र ठरते. तुझ्या यादीत तीन बायका आहेत. कुणाचं नाव दोन्हीकडे असेल तर सोडायचं ते लाडक्या बहिणीचं. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने दिव्यांगांचं अनुदान १५०० वरून २५०० केलं आहे, ते कुणाच्या सांगण्यावरून सोडून देऊ नका. आणि कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा कुणीही द्यायचा नाही. ज्यांना अजून १५०० च येतात त्यांची नोंद बहुतेक विधवा किंवा निराधार म्हणून असते, दिव्यांग म्हणून नसते. त्यांचं यूडीआयडी कार्ड अर्जासोबत दे, आणि त्याचीही पोच.

पाचवं सगळ्यात कठीण, उत्पन्नाचा दाखला. दिव्यांगासाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. हिशोब करून बघ. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. १६० दिवसांचे होतात ४९,९२०. घरातल्या एका माणसाने त्या दराने १६१ दिवस मजुरी केली की घरातला दिव्यांग अपात्र. कापूस विकल्याच्या पट्टीवरचा आकडा खर्च न वजा करता उत्पन्न म्हणून लिहिला तर दोन एकरवालाही बाहेर. म्हणून दाखला काढताना बियाणं, फवारणी, वेचणीची मजुरी यांचा खर्च लेखी जोड. आणि ही मर्यादाच चुकीची आहे ही मागणी वेगळ्या कागदावर, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शासनाकडे. एका कागदात दोन भांडणं घातलीस तर दोन्ही हरशील.

कपात नेहमी कात्री लावूनच होते असं नाही. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये आहे. तो २०१२ साली ठरला आणि तिथेच आहे. तोही ८० टक्क्यांवर अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं घर असेल तरच. रक्कम तीच ठेवून वर्षं जाऊ द्यायची, ही कपातच आहे. ती कुणी जाहीर करत नाही, म्हणून तिच्यासाठी कुणी बसतही नाही.

कायदा मात्र आपल्या बाजूने स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम २४. अधिकारी त्यातले "आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत" एवढेच शब्द वाचून दाखवतात. तू पुढचं परंतुक वाचून दाखव: इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांची मदत किमान २५ टक्के जास्त हवी. इतरांना १५०० असतील तर आपल्याला १८७५ च्या खाली देता येत नाही. तरी २०२५ पर्यंत आपल्यालाही १५०० च मिळत होते. कलम छापून खिशात ठेव.

महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाही. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. "का बंद केलं" असं विचारू नको, त्याला माहिती म्हणत नाहीत असं उत्तर येतं. "आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक, या अर्जावरील टिपणीची आणि कार्यवाहीच्या नोंदीची प्रत" असं माग. तीस दिवसांत नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचं तिकीट. सोबतच तालुक्याच्या लोकशाही दिनाला जा, तो तिसऱ्या सोमवारी असतो. तिथेही अडलं तर पहिल्या सोमवारी जिल्ह्याला, तालुक्याची पोच जोडून. पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार पोस्टाने जाते, चकरा माराव्या लागत नाहीत. त्यांनी शिफारस केली तर संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं, कलम ८१. वकील लागला तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. दिव्यांगाला तो मोफत आहे, १९८७ च्या कायद्याने. या प्रत्येक दारात पहिला प्रश्न एकच विचारतील: आधीच्या अर्जाची पोच कुठे आहे?

आता उपोषण. तू मोझरीचं उदाहरण दिलंस. जून २०२५ मध्ये बच्चू कडू तिथे अन्नत्यागाला बसले, कर्जमाफीसोबत दिव्यांगांच्या मानधनाचीही मागणी होती. रक्कम वाढवायची मागणी मुंबईला ऐकू जायला हवी, तिथे मंडप लागतो, हे मला पूर्ण मान्य आहे. पण तुझ्या गावातलं थांबलेलं नाव मुंबईत थांबलेलं नाही, ते तहसीलच्या एका फाइलमध्ये थांबलेलं आहे. त्या फाइलसाठी जीव पणाला लावायचा नाही.

आणि जीव खरोखर जाईल, हे तुला कुणी सांगितलं नाही का? तुझ्या यादीत सिकलसेलचा मुलगा आहे. अंगातलं पाणी कमी झालं की त्याच्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि वेदनांचा झटका येतो. त्याला एक दिवसही पाण्यावाचून, उन्हात बसवायचं नाही. दुसऱ्याचा मणका मोडलेला आहे. मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातल्या इजेत खालच्या अंगाला घाम येत नाही, ताप चढतो आणि कळत नाही. सतरंजीवर तासन् तास बसवलंस तर पाठीला, ढुंगणाला जखमा होतील, आणि त्या भरायला महिने लागतात. धरणं धरायचंच असेल तर दोन-दोन तासांच्या पाळ्या लाव. मणक्याच्या पेशंटखाली जाड उशी, दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग उचलणं, सावली, ओलं फडकं, भरपूर पाणी, आणि व्हीलचेअर जाईल असं संडास कुठे आहे हे आदल्या दिवशी स्वतः पाहून ये. ठाणेदारांना आधी लेखी कळव आणि पोच घे. जमावबंदीचा आदेश लागू आहे का तेही तिथेच विचार. मंडपाच्या दर्शनी भागावर घोषणा नको, सहा अर्जांच्या पोचा मोठ्या करून लाव: नाव, आवक क्रमांक, तारीख, उत्तर नाही. पत्रकाराला तेच दे. व्हिडिओ काढायचाच असेल तर त्यातही तेच दाखव. रडणारा चेहरा दोन दिवसांत विसरतात, आवक क्रमांकाला उत्तर द्यावं लागतं.

तिकडे ब्रिटनमध्येही २०२५ साली सरकार दिव्यांगांच्या भत्त्याची अट कडक करायला निघालं होतं. आधी रोजच्या कामांचे मिळून आठ गुण झाले की भत्ता मिळायचा. नव्या अटीप्रमाणे त्यातल्या एका तरी कामात चार गुण हवे होते. म्हणजे स्वयंपाक, अंघोळ, कपडे, संडास या प्रत्येकात दोन-दोन गुण असलेला माणूस आठ भरूनही बाहेर. ज्याच्याकडे आपला गुणांचा कागद होता, तो आपल्या खासदाराला बोट ठेवून दाखवू शकत होता की माझं इथे जातं. दिव्यांगांचा विरोध आणि सरकारच्याच पक्षातल्या खासदारांचं बंड यांपुढे सरकारला १ जुलै २०२५ ला ती अट विधेयकातून काढत असल्याचं जाहीर करावं लागलं.

आमच्या पिढीने मोर्चे पुष्कळ काढले. निवेदनं दिली, साहेबांनी हसून घेतली, फोटो झाले. आवक क्रमांक कुणी घेतला नाही. साहेबाची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून. ती चूक आमची होती, माझीही होती, आणि तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांतले काही आज नाहीत. आता काही जण म्हणतात, मावशी कागदात अडकली, रस्त्यावरची राहिली नाही. म्हणू देत. कागद हातात असलेला माणूस रस्त्यावर उतरला तर त्याला उठवणं जड जातं. मी हट्टी आहे, आणि या हट्टापायी कुणाचं नुकसान झालेलं मला माहीत नाही. तुझ्यावर चिडते आहे ते तू चुकते आहेस म्हणून नाही. तू आमच्याच चुकीच्या वाटेने, आमच्याच वेगाने निघाली आहेस म्हणून.

या आठवड्यात बँक आणि पासबुकं. सोमवारी सहा अर्ज, बारा प्रती, सोबत मूळ कागद नेऊ नको, झेरॉक्सच ने. पोचांचे फोटो मला पाठव.

आणि सहावं नाव, ती बहिरी काकू. तू लिहिलंस की तिला खिडकीतून हाताने नुसतं "बंद" असं दाखवलं आणि ती परत आली. पुढे तूच लिहिलंस की ती सातवी शिकलेली आहे, पेपर वाचते. म्हणजे तिला वाचता येतं, आणि पाच महिन्यांत कुणी तिला एक ओळ लिहून दिली नाही. तिचा अर्ज सगळ्यात आधी लिही. तिच्या शेजारी बसून, तिला वाचायला देत लिही.

तुझी
मावशी