जुना निकॉन एफ३ कपाटातून काढताना: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात फिल्म कॅमेऱ्यांबद्दल काय विचारायचंय ते पाठवा म्हटलं होतं, तर बरेचसे प्रश्न एकाच कॅमेऱ्याभोवती फिरणारे निघाले, निकॉन एफ३. म्हणून या वेळी त्याच्यावरच बोलू. लांब पत्रं थोडी कापलीत, प्रश्न मात्र तुमच्याच शब्दांत आहेत.

प्रश्न: नमस्कार सर. माझे बाबा एका दैनिकात फोटोग्राफर होते. त्यांचा एफ३ एचपी, ५० एमएम १.४ लेन्स आणि खाली लावायची मोटर असं सगळं कपाटात आहे. डिजिटल आल्यापासून कोणी हात लावलेला नाही. बाबा आता नाहीत. मला तो शोपीस म्हणून ठेवायचा नाहीये, वापरायचाय. पण चालू करताना काही बिघडेल अशी भीती वाटते. सुरुवात कुठून करू? सरळ रोल टाकू का?
(कोल्हापूर)

उत्तर: वापरायचाय हे वाचून फार बरं वाटलं, कारण हा कॅमेरा वापरून झिजतो त्यापेक्षा पडून राहून जास्त खराब होतो. १९८० साली आलेला कॅमेरा आहे, बॉडीचं डिझाइन जॉर्जेत्तो जुजारो या इटालियन कार डिझायनरचं, ग्रिपवरची ती लाल रेघ तेव्हाचीच. १९८८ ला एफ४ आला, १९९६ ला एफ५ आला, तरी कंपनी एफ३ बनवतच होती कारण प्रेसवाले तो सोडायला तयार नव्हते. तेव्हा बाबांनी तो रोज वापरला असेल तर घाबरायचं काही कारण नाही, तो त्यासाठीच बनलाय.

पण रोल लगेच टाकू नका. आधी मोटर काढून बाजूला ठेवा. फिल्म आपोआप पुढे सरकवणारी एमडी-४ असणार ती, तिच्यात आठ पेन्सिल सेल बसतात आणि असे सेल वर्षानुवर्षं आत राहिले तर हमखास गळतात. सेलचा ट्रे बाहेर ओढून बघा, पांढरी-हिरवी पूड दिसली तर ती हाताने खरवडू नका. कानकाडीच्या कापसाला अगदी थोडं व्हिनेगर लावून टिपा (अल्कलाइन सेलची गळती अल्कधर्मी असते म्हणून आंबट लागतं), मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून नीट सुकू द्या. कॅमेऱ्याच्या तळाला नाण्याने उघडणारं गोल झाकण आहे, तिथेही हेच तपासा, आणि झाकणाचे आटे पण बघा कारण बऱ्याचदा बिघाड म्हणून जो दाखवतात तो नुसता तिथला गंज असतो.

आता सेल. एलआर४४ दोन लागतात, घड्याळवाल्याकडे सहज मिळतात, पण मी म्हणेन थोडे जास्त पैसे देऊन एसआर४४ घ्या. तो सिल्व्हर ऑक्साइडचा असतो, शेवटपर्यंत व्होल्टेज जवळजवळ सारखा देतो आणि मग एकदम संपतो, अल्कलाइनचा हळूहळू उतरत जातो. ३ व्होल्टचा एकच लिथियम सेल, सीआर १/३ एन, तोही चालतो. मोटर लावली की कॅमेरा वीज मोटरमधूनच घेतो, म्हणून तपासणी होईपर्यंत मोटर लावायचीच नाही.

सेल टाकले, स्विच ऑन केला, बटण हलकं दाबलं की व्ह्यूफाइंडरमध्ये वर आकडा दिसायला हवा. आणि इथे नवखे लोक हमखास गोंधळतात! डायल 'ए' वर (म्हणजे स्पीड कॅमेरा स्वतः ठरवतो) आहे, कॅमेरा खिडकीकडे धरा नाहीतर पलंगाखाली धरा, आकडा ८० च. लोकांना वाटतं प्रकाश मोजणारं मीटर गेलं. गेलेलं नाही हो, फ्रेम काउंटर १ वर येईपर्यंत हा कॅमेरा स्पीड १/८० वरच ठेवतो, म्हणजे रोल भरताना लेन्सला झाकण असलं तरी शटर कित्येक सेकंद उघडं राहून तुमचा खोळंबा होऊ नये. मागचं झाकण बंद करून काउंटर १ वर येईपर्यंत वाइंड करा, क्लिक करा, मग बघा आकडे पळायला लागतील.

मीटर बरोबर आहे का हे लख्ख उन्हात बघायचं. आयएसओ २०० लावा, अ‍ॅपर्चर ११ ते १६, दुपारी उन्हातल्या साध्या भिंतीवर किंवा रस्त्यावर धरा, आकडा २५०-५०० च्या आसपास आला तर छान. अगदी पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर धरू नका, चुकीचं वाचेल. मोबाइलच्या लाइटमीटर अ‍ॅपशीही ताडून बघा. हे एवढ्यासाठी सांगतोय की कलर निगेटिव्ह रोल दोनेक स्टॉप (म्हणजे चौपट) जास्त प्रकाश सहज खपवून घेतो, त्यामुळे फोटो चांगले आले म्हणून मीटर चांगलं असं काही नसतं.

शटर मागचं झाकण उघडून तपासता येत नाही, कारण झाकण उघडलं की काउंटर १ च्या मागे जातो आणि स्पीड १/८० वरच राहतो; म्हणून पहिल्या रोलवरच एकसारखा उजेड असलेल्या साध्या भिंतीचे १/१००० आणि १/२००० ला एकेक फोटो काढा. फोटोच्या एका कडेला काळी पट्टी येत असेल तर पडदे एका वेगाने पळत नाहीयेत, सर्व्हिसिंग लागेल. स्लो स्पीडची फार काळजी नको, त्यांची वेळ आतला क्वार्ट्झ सांभाळतो. मात्र पडद्याला बोट लावायचं नाही, कधीच नाही! टायटॅनियमचा पातळ पत्रा आहे तो, एक चुणी पडली की संपलं.

शेवटचं म्हणजे फोम. आरशाच्या वर, पुढच्या बाजूला काळ्या फोमची पट्टी असते, आरसा वर जाऊन तिच्यावर आदळतो. ती आत्तापर्यंत डांबरासारखी चिकट झाली असणार. नवीन फोम स्वस्तात मिळतो आणि हे काम घरी जमण्यासारखं आहे, फक्त व्ह्यूफाइंडर आणि फोकसिंग स्क्रीन आधी काढून ठेवा, टूथपिकला थोडं अल्कोहोल लावून जुना फोम काढा आणि त्याचा थेंब आरशावर पडू देऊ नका. आरसा नि स्क्रीन यांना फक्त ब्लोअर, कापड नाही, रुमाल तर नाहीच.

एवढं सगळं ठीक निघालं की एक साधा रोल टाका, दर फ्रेमला स्पीड-अ‍ॅपर्चर वहीत लिहा. आणि जमलं तर बाबांच्या जुन्या निगेटिव्ह पण शोधा. त्यांची फ्रेम कशी असायची ते बघत त्याच लेन्सने शूट करण्यात जे मिळेल ते दुसरीकडे मिळणार नाही.

प्रश्न: माझ्या कॅमेऱ्याचा वाइंडिंग लिव्हर जड चालतो आणि कुरकुर आवाज येतो. शेजारचे काका म्हणतात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाक, मोकळा होईल. टाकू का?
(सोलापूर)

उत्तर: नको. काकांचा हेतू चांगला आहे पण तेल जागेवर राहत नाही, उन्हाळ्यात पातळ होऊन पसरतं आणि फिरत फिरत शटरच्या पडद्यावर येतं. लेन्समध्ये गेलं तर अ‍ॅपर्चरची पाती चिकटतात. स्प्रे करायचं गंजविरोधी तेल तर त्याहून वाईट. लिव्हर जड झालाय म्हणजे जुनं वंगण सुकलंय, ते आधी धुऊन काढावं लागतं आणि मग ठरावीक जागी कणभर नवीन लावायचं असतं, वरून थेंब सोडून ते होत नाही. कारागिराकडेच द्या. मुंबईत फोर्टात, सीएसएमटीच्या आसपासच्या गल्ल्यांत जुने हात अजून आहेत. देण्याआधी सरळ विचारा की एफ३ उघडलाय का, कारण याच्या आत वरच्या भागात लवचिक सर्किट आहे आणि ते ज्याने कधी पाहिलंच नाही त्याने पहिल्यांदा तुमच्या कॅमेऱ्यावर हात चालवू नये.

प्रश्न: आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये, कपाटात कपड्यांमध्ये गुंडाळून ठेवते, सोबत डांबराच्या गोळ्या आणि कापूर. तरी लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. उन्हात ठेवलं तर जाईल का?
(चिपळूण)

उत्तर: ताई, ती बुरशी आहे आणि उन्हाने ती लेन्समधून जाणार नाही. वाढ थांबली तरी जाळं तिथेच राहतं, वर उन्हात तापून वंगण पाघळेल ते वेगळंच. लेन्स उघडून काचा साफ करून घ्याव्या लागतील आणि हे लवकर करा, कारण बुरशी फार दिवस राहिली की काचेवरचं कोटिंग खाते आणि मग साफ करूनही डाग राहतात. तोवर ती लेन्स बाकीच्या लेन्सपासून लांब ठेवा.

आता ठेवण्याचं. चामड्याची केस दिसायला सुंदर पण ओल धरून ठेवते, कोकणात तर ती बुरशीचं माहेरघरच. केस वेगळी ठेवा, कॅमेरा वेगळा. डांबराच्या गोळ्या आणि कापूर ताबडतोब काढा, कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेलं असतं की या दोन्हींजवळ ठेवू नका, त्यांची वाफ कॅमेऱ्याला चांगली नाही. तांदळाचा डबाही नको, पीठ उडतं. परवडत असेल तर ड्राय कॅबिनेट घ्या आणि ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. नसेल तर रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, काम तेवढंच चोख होतं, फक्त लक्ष ठेवावं लागतं. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून सुकवा, थंड झालं की परत डब्यात. कढई मात्र त्याच कामाची वेगळी ठेवा, स्वयंपाकाची नको. अगदी ३० च्या खाली पण नेऊ नका, अति कोरडं वंगणाला आणि रबराला मानवत नाही.

आणि पावसाळाभर डबा बंद करून विसरू नका. मधूनमधून बाहेर काढा, सगळ्या स्पीडवर क्लिक करा, फोकस रिंग आणि अ‍ॅपर्चर रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा, उजेड आणि वारा लागू द्या. ठेवताना शटर वाइंड केलेलं नको.

प्रश्न: दादा, मी बीएफए करतेय, पहिला फिल्म कॅमेरा घ्यायचाय. एफ३ घेऊ की एफएम२? मला चष्मा आहे आणि ट्रेकिंग पण करते.
(नाशिक)

उत्तर: चष्मा आहे तर एफ३ एचपी (चष्मा लावूनही नीट बघता यावं असा व्ह्यूफाइंडर असलेला एफ३) एकदा डोळ्याला लावून बघच. डोळा २५ मिलिमीटर लांब असला तरी पूर्ण फ्रेम दिसते आणि फ्रेम १०० टक्के असते, म्हणजे बघशील तेच निगेटिव्हवर येतं. निकॉनच्याच एफएम२ मध्ये साधारण ९३ टक्के दिसतं. पण एफएम२ सेलशिवाय सगळ्या स्पीडवर चालतो, सेल फक्त मीटरला लागतो, आणि ट्रेकला हे फार मोठं सुख आहे. एफ३ चा सेल संपला तर लेन्सशेजारच्या छोट्या लिव्हरने फक्त १/६० वर फोटो निघतो (आणि 'टी' वर, म्हणजे आपण बंद करेपर्यंत शटर उघडं ठेवून), पण त्याचे सेल चण्याएवढे असतात, दोन जास्तीचे खिशात टाकले की प्रश्न मिटला. फ्लॅश वापरणार असशील तर एफएम२ घे, नंतरच्या मॉडेलमध्ये सिंक (फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात जलद स्पीड) १/२५० आहे आणि शू, म्हणजे फ्लॅश बसवायची खाच, साधी आहे. एफ३ चं सिंक १/८० आणि फ्लॅश रिवाइंड नॉबवर बसतो, साध्या फ्लॅशला एएस-४ नावाचा अ‍ॅडॅप्टर शोधत बसावं लागतं.

माझं मत विचारशील तर तुझ्यासाठी एफ३ एचपी. चौकट नीट दिसणं हे शिकताना सगळ्यात महत्त्वाचं. फक्त घेताना डिस्प्ले नीट बघ, आकडे पुसट किंवा अर्धवट असतील तर सोडून दे, कारण ते सुटे भाग आता दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातूनच काढावे लागतात. चकाचक पण कोणी न वापरलेल्यापेक्षा कडा घासून पितळ दिसणारा, रोज चाललेला आणि नुकतं सर्व्हिसिंग झालेला घे.

प्रश्न: आजोबांची १९७० च्या आसपासची निकॉन लेन्स आणि माझ्या डिजिटलची नवीन लेन्स, दोन्ही एफ३ वर चालतील का?
(पुणे)

उत्तर: माउंट १९५९ पासून तोच असला तरी जपून. १९७७ च्या आधीच्या नॉन-एआय (आपलं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याच्या मीटरला न कळवणाऱ्या) लेन्ससाठी एफ३ च्या माउंटजवळची छोटी कळ वर उचलावी लागते, मग लेन्स बसते, मीटरिंग अ‍ॅपर्चर फोटोला हव्या त्या आकड्यापर्यंत बारीक करून करायचं. कळ न उचलता जोर लावू नका, तुटेल. नवीन 'जी' लेन्सला अ‍ॅपर्चर रिंगच नसते, त्यामुळे ती बसली तरी सगळ्यात बारीक अ‍ॅपर्चरवर अडकून राहते, उपयोग नाही.

प्रश्न: मे महिन्यात नळाचं पाणीच गरम येतं. ब्लॅक अँड व्हाइट रोल २० डिग्रीला घरी कसा धुऊ?
(नागपूर)

उत्तर: पाणी आदल्या रात्री बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा, घमेल्यात बर्फाचं पाणी करून केमिकलच्या बाटल्या त्यात उभ्या करा. २० वर अडून बसायची गरज नाही, २४ ला पण धुता येतो, वेळ कमी करायची, फिल्म कंपनीचा तक्ता असतो. फक्त वेळ ५ मिनिटांच्या खाली गेली की डाग पडायची शक्यता वाढते, तेव्हा डेव्हलपर जास्त पातळ करा. डेव्हलपर, फिक्सर आणि शेवटचं धुण्याचं पाणी, सगळ्यांचं तापमान जवळजवळ सारखं ठेवा. रंगीत रोलचा सी-४१ डेव्हलपर ३८ डिग्रीला लागतो, तो तुमच्याकडे उन्हाळ्यात उलट सोपा जाईल.

प्रश्न: गावी येताना रोल विमानातून आणायचेत. एक्स-रे चा त्रास होतो का?
(दुबई)

उत्तर: रोल कधीच चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. जुन्या पद्धतीच्या एक्स-रे मधून ४०० आयएसओपर्यंतचे रोल एक-दोनदा गेले तर सहसा काही होत नाही, पण आता हँडबॅगसाठी पण सीटी स्कॅनर बसायला लागलेत आणि त्यात एका फेरीतही फिल्मवर धुकं येऊ शकतं. रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत भरा आणि हाताने तपासा म्हणून आधीच नम्रपणे सांगा. कॅमेऱ्यात अर्धवट रोल असेल तर प्रवासाच्या आदल्या दिवशी संपवून काढून घ्या, नाहीतर तो कॅमेऱ्यासकट मशीनमधून जाईल.