सेटल झालं, पण फिटलं नाही

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "काका, क्रेडिट कार्डाचं सगळं मिटलंय, आता घराचं बघू या." ते 'मिटलंय' मला खटकलं. माझी अर्धी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, म्हणून असेल. तू पाठवलेलं बँकेचं पत्र पुन्हा वाच. १ लाख ८० हजारांच्या थकबाकीपैकी बँकेनं ९५ हजार घेतले आणि उरलेल्या ८५ हजारांवर पाणी सोडलं. तुझ्या लेखी विषय संपला. सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी; तिच्या रिपोर्टात मात्र त्या खात्यापुढे 'सेटल्ड' (तडजोडीनं मिटवलेलं) लागलं, 'क्लोज्ड' (पूर्ण फेडलेलं) नाही. गृहकर्जाची फाइल तपासणारा आधी स्कोअर, म्हणजे या नोंदींवरून मिळणारे गुण, बघतो आणि मग हाच शब्द शोधत खाली येतो.

म्हणून आधी रिपोर्ट काढ. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, अशा या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आपला आपण पाहिला म्हणून स्कोअर घसरत नाही. घसरतो तो एजंटाच्या "टाकून तर बघू" मुळे, एकदम पाच-सहा बँकांत अर्ज गेले की. रिपोर्टात प्रत्येक खात्यापुढे महिन्यांचे चौकोन दिसतील. हप्ता किती दिवस थकला, तो आकडा त्यात असतो. वडिलांच्या ऑपरेशननंतरच्या महिन्यांत तुझे ३०, ६०, ९० असे चढत गेलेले असणार. ९० ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक कर्ज. चुकीची नोंद सापडली तर लेखी तक्रार कर. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही. 'सिबिल क्लीन करून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नकोस.

आता त्या ८५ हजारांचं. कार्डाच्या बँकेला लेखी विचार, की उरलेली रक्कम भरली तर खातं 'क्लोज्ड' दाखवून नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, देणार का? उत्तर कागदावर आल्याशिवाय पैसे भरू नकोस. सोडलेले पैसे पुन्हा कशाला भरायचे, असं तुला वाटेल. हिशेब कर. ३० लाखांचं गृहकर्ज, २० वर्षं. ८.५ टक्क्यांनी हप्ता साधारण २६,०३५, ९ टक्क्यांनी २६,९९२. स्कोअर पडका म्हणून नुसता अर्धा टक्का जास्त लागला, तरी मुदतभरात २ लाख ३० हजारांच्या आसपास जादा जातात. तेही कुणी कर्ज दिलं तर!

दरम्यान स्कोअर सुधारायला एफडीवर मिळणारं छोटं क्रेडिट कार्ड घे. त्यावर किराणा आणि लाइटबिल, बास. दर महिन्याला पूर्ण बिल भरायचं; 'मिनिमम ड्यू' कडे, म्हणजे बिलातल्या किमान रकमेकडे, बघायचंसुद्धा नाही. असं दीड-दोन वर्षं चालू दे. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता मला तरी ठाऊक नाही.

तोवर पैसे साठव. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण तू ७०-७५ धरून चाल. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्याखेरीज.

आणि लपवू नकोस. माझ्यासमोर एकजण "कधीच काही थकलं नाही" म्हणाला, तेव्हा त्याचा रिपोर्ट माझ्या टेबलावर उघडाच होता. दुसऱ्या एकीनं बसताच हॉस्पिटलची बिलं पुढे ठेवली. तिच्यासाठी मी वरच्या साहेबांशी भांडलो होतो. तुझ्याकडची बिलं जपून ठेवली आहेस ना?

रविवारी ये. रिपोर्ट छापून आण, मोबाइलवरची अक्षरं मला दिसत नाहीत. आणि त्या बिल्डरला टोकनचा चेक दिला नसशील, तर मुळीच देऊ नकोस. दिला असशील, तर रविवारची वाट न बघता आजच फोन कर.

तुझा,
काका