‘येते’ म्हटलं, आणि तो माणूस थांबून राहिला

‘दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. आता चाळिशी उलटली. इंग्रजी समजतं, पण बोलायची वेळ आली की तोंडच उघडत नाही. या वयात जमेल का हो?’ महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येऊन बसतो. उत्तर म्हणून एका ताईंची हकिगत सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

ताई सेहेचाळीस वर्षांच्या. परळमधल्या एका रुग्णालयात केस पेपर काढायच्या खिडकीवर काम. परळला देशभरातून पेशंट येतात. हिंदी-मराठीत भागलं नाही की इंग्रजी लागतंच. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. ताई त्याच्या बऱ्याच आधीच्या, त्यांची एबीसीडी पाचवीत सुरू झाली.

माझ्याकडे त्या झोप लागत नाही म्हणून आल्या होत्या. इंग्रजीचा विषय दुसऱ्या भेटीत निघाला. एका दुपारी कोलकात्याहून वडिलांना घेऊन आलेल्या एका गृहस्थांचे कागद त्यांनी नीट लावून दिले. पाळी संपली होती. पुढच्या पाळीच्या मुलीला सगळं समजावलं, पर्स घेतली आणि त्या गृहस्थांना सांगितलं, ‘आय ॲम कमिंग.’ ते बिचारे बाकावर दीड तास त्यांची वाट बघत बसले. मग तक्रार: बाई येते म्हणाली आणि घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी ती तक्रार सगळ्यांसमोर वाचली. ‘एवढं साधं इंग्रजी येत नाही तुम्हाला?’ तेव्हापासून खिडकीपाशी कुणी इंग्रजी बोललं की ताई शेजारणीला हाक मारायच्या. तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बदली द्या, असा अर्जही त्यांनी लिहून ठेवला होता.

मी विचारलं, ‘ताई, निघताना तुम्ही जाते का नाही म्हणालात?’

त्या एकदम म्हणाल्या, ‘अहो मॅडम, दवाखान्यात आजारी माणसापाशी जाते कसं म्हणू?’

आणि स्वतःचंच वाक्य ऐकून त्या रडायला लागल्या. मी त्यांना रडू दिलं. ही चूक अडाणीपणाची नव्हती. निरोप घेताना ‘जाते’ म्हणायचं नाही, हे आपल्याला आईनं शिकवलेलं असतं. ताईंनी ती रीत पाळली. इंग्रजीत ती रीत नाही, इतकंच.

त्या दिवशी आम्ही त्यांच्या आणखी चुका आठवून आठवून कागदावर मांडल्या. ‘सर हॅव कम’: आपण साहेब ‘आलेत’ म्हणतो, मानासाठी अनेकवचन वापरतो. इंग्रजीत एका माणसाला ‘हॅज’च. ‘सिन्स टू डेज’: दोन दिवस‘पासून’, म्हणून सिन्स. तिथे मुदत सांगायची तर ‘फॉर टू डेज’, आणि ‘सिन्स’ लागतं ते सोमवारपासून, सकाळपासून अशा सुरुवातीला. ‘डिड यू ब्रॉट?’: ‘आणलंत का’मध्ये भूतकाळ क्रियापदातच असतो. इंग्रजीत तो ‘डिड’नं आधीच उचललेला असतो, म्हणून पुढे नुसतं ‘ब्रिंग’. कागद भरला तेव्हा ताई बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, ‘म्हणजे प्रत्येक चुकीला कारण आहे.’ वर्गात बाकावर उभं केलं गेलेल्या माणसाला हे कळणं फार मोठं असतं. मला तर वाटतं, मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी हेच सांगायला हवं.

त्या एका क्लासला जाऊन आल्या होत्या. तिथे पहिल्या आठवड्यात बाराच्या बारा काळांचा तक्ता पाठ करायला दिला. तिसऱ्या आठवड्यात ताईंनी क्लास सोडला. व्याकरणाला माझा विरोध नाही. पण दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईला आधी साधा वर्तमान, साधा भूतकाळ आणि ‘विल’ पुरतं. ‘अ’ आणि ‘द’ चुकले तरी कुणाचा केस पेपर अडत नाही. ते हळूहळू बसतात.

शब्दांचं तर मला त्यांनाच दाखवायचं होतं. मी म्हटलं, खिडकीवर मराठीत बोलता तसं बोला, मी लिहून घेते. ‘इथे साइन करा. फॉर्म फिल करा. दहा मिनिटं वेट करा. नाव चेक करा.’ मी प्रत्येक ‘करा’ खोडला आणि उरलेला शब्द उचलून वाक्याच्या तोंडाशी ठेवला. साइन हिअर. फिल धिस फॉर्म. वेट फॉर टेन मिनिट्स. चेक द नेम. आपलं क्रियापद शेवटी येतं, आज्ञा देताना इंग्रजीचं पुढे. ताईंनी ती चार वाक्यं मोठ्यानं वाचली, मग पुन्हा एकदा, दाराकडे बघून. मुंबईच्या मराठीत अशी क्रियापदं ‘करा’च्या पाठीशी रोज वावरत असतात. ती शिकायची नाहीत, नुसती जागेवरून हलवायची.

खिडकीवर रोज लागणारी आठच वाक्यं आम्ही निवडली. ‘डू यू हॅव युवर ओल्ड पेपर?’ आलं की ‘ओल्ड पेपर’ काढून तिथे रिपोर्ट, फाइल, आधार कार्ड. आणि आठवं वाक्य: ‘आय ॲम लीविंग नाऊ. शी विल हेल्प यू.’ हे त्यांनी सगळ्यात जास्त वेळा म्हटलं.

सराव लोकलमध्ये. ताई ठाण्याहून स्लो गाडीनं येतात. प्रत्येक स्टेशनची सूचना मराठी, हिंदी, इंग्रजीत होते; मराठीत ऐकायची, आणि इंग्रजी यायच्या आत ओठातल्या ओठात आपण म्हणायची. एक गोष्ट मात्र मी बंद करायला लावली. त्यांचा मुलगा इंग्रजी माध्यमाचा, तो जेवताना आईचे उच्चार सुधारायचा. मुलगा प्रेमळ आहे. पण ज्या पोराला घास भरवले त्याच्यासमोर चुकणं फार जड जातं. सुरुवातीचे काही महिने घरच्या माणसाला गुरू करू नका, असं मी सगळ्यांनाच सांगते.

चार महिने झाले. बदलीचा अर्ज त्यांनी दिला नाही. झोप आधीपेक्षा बरी आहे. खिडकीवर शेजारणीला अजून हाक मारावी लागते, पण आधी स्वतः दोन वाक्यं बोलून झाल्यावर. फोन मात्र उचलत नाहीत. समोरचा दिसत नाही, कागद बोटानं दाखवता येत नाही, आणि घाई होते. पुढच्या बुधवारपासून फोनची वाक्यं घेणार आहोत. पहिलं त्यांनी स्वतःच निवडून आणलंय, जुन्या केस पेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर, देवनागरीत लिहून: ‘प्लीज स्पीक स्लोली. आय ॲम लिसनिंग.’