वाचकांचे प्रश्न : युनिक्स वर्कस्टेशनवर ब्राउझर

आज्ञा, फाइलींची नावे आणि मार्ग येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीत आणि वेगळे सांगितले नसेल तर लहान अक्षरांतच टाइप करावेत.

प्रश्न : फायरफॉक्स सिस्टीमच्या पॅकेजमधून घ्यावा की मोझिलाच्या साइटवरची टार फाइल (अनेक फाइली एकत्र बांधलेला गठ्ठा) घ्यावी? टार फाइल घेतली तर ती कुठे उघडायची?

पॅकेज मिळत असेल तर पॅकेजच घ्या. लागणाऱ्या लायब्ररी त्यासोबत आपोआप येतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या बाकी सिस्टीमबरोबरच होत राहतात. फ्रीबीएसडीवर तर दुसरा मार्गच नाही, कारण मोझिला त्या सिस्टीमसाठी तयार बायनरी, म्हणजे थेट चालणारी प्रोग्रॅम फाइल, देत नाही. तेथे 'पीकेजी इन्स्टॉल फायरफॉक्स' एवढे पुरते. ओपनबीएसडीवर 'पीकेजी_अॅड फायरफॉक्स'. मात्र तेथे ब्राउझरला घरच्या डिरेक्टरीतल्या फार थोड्या जागा दिसतात. एखादी फाइल साइटवर चढवायची असेल तर ती आधी 'डाउनलोड्स' (यातला 'डी' मोठ्या अक्षरात) फोल्डरमध्ये ठेवा. फाइल निवडायच्या खिडकीत बाकीचे काही दिसत नाही, तो बिघाड नव्हे, मुद्दाम घातलेले कुंपण आहे.

टार फाइलची गरज दोनदाच पडते : पॅकेजमधली आवृत्ती जुनी असते तेव्हा, किंवा तुमच्याकडे रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड नसतो तेव्हा. आधी 'युनेम -एम' चालवून प्रोसेसर कोणता ते बघा. लिनक्सवरच्या ६४-बिट आर्म यंत्रांसाठी मोझिलाची तयार फाइल १३६व्या आवृत्तीपासून मिळते, आणि ३२-बिट एक्स८६ लिनक्ससाठी ती १४५पासून बंद झाली. फाइलचा प्रकारही १३५पासून बदलला : पूर्वी 'टार.बीझेड२' होता, आता 'टार.एक्सझेड' आहे. जुन्या स्क्रिप्टमध्ये 'टार एक्सजेएफ' लिहिलेले असेल तर ती आता अडते. 'जे' काढून नुसते 'टार एक्सएफ' ठेवा, लिनक्सवरचा टार प्रकार स्वतः ओळखतो. 'एक्सझेड' हा प्रोग्रॅम मात्र मशीनवर हवा. उघडण्याआधी 'एसएचए२५६सम' चालवून येणारा आकडा त्या आवृत्तीसोबतच्या यादीशी ताडून बघा. मिनिटभराचे काम आहे, आणि अर्धवट उतरलेली फाइल इथेच पकडली जाते.

सर्वांसाठी बसवायचा असेल तर रूट म्हणून '/ऑप्ट'मध्ये उघडा. तेथे '/ऑप्ट/फायरफॉक्स' अशी डिरेक्टरी तयार होते. त्यातली 'फायरफॉक्स' ही एकच फाइल उचलून '/युएसआर/लोकल/बिन'मध्ये टाकू नका. ती फाइल म्हणजे फक्त दार आहे, खरा ब्राउझर शेजारच्या 'लिबझूल.एसओ'मध्ये आहे आणि तो शेजारीच शोधला जातो. म्हणून कॉपी न करता लिंक करा : 'एलएन -एस /ऑप्ट/फायरफॉक्स/फायरफॉक्स /युएसआर/लोकल/बिन/फायरफॉक्स'.

आता मालकीचा विचार करा. '/ऑप्ट/फायरफॉक्स' रूटच्या मालकीचा असेल, तर साध्या वापरकर्त्याने चालवलेला ब्राउझर स्वतःला अद्ययावत करू शकत नाही. हे योग्यच आहे. नवी आवृत्ती आली की ती बसवण्याची जबाबदारी ॲडमिनने घ्यायची. अद्ययावत व्हावा म्हणून डिरेक्टरीला ७७७ परवानगी (सर्वांना सगळे करण्याची मुभा) देणे आम्हाला अजिबात मान्य नाही. मग कोणीही ती बायनरी बदलू शकतो आणि बाकीचे सगळे ती आपल्या खात्यातून चालवतात. मशीन एकट्याचे असेल तर घरच्या डिरेक्टरीतच उघडा, अद्ययावत होण्याचे काम ब्राउझर स्वतः करील.

चालू ब्राउझरखालून फाइली बदलल्या, तर नवा टॅब उघडताना 'आधी पुन्हा सुरू करा' असे पान येते. जुन्या मुख्य प्रक्रियेला नव्या आवृत्तीची उपप्रक्रिया जुळत नाही, म्हणून ते येते. ब्राउझर बंद करून उघडला की झाले.

प्रश्न : बायनरी समोर दिसते आहे, 'एलएस'मध्ये नाव येते, तरी चालवली की शेल म्हणते 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. हे कसे?

संदेश खरा आहे, पण तो तुमच्या फाइलबद्दल नाही. प्रत्येक डायनॅमिक बायनरीच्या (जी लायब्ररी बाहेरून घेते तिच्या) पोटात एका लोडरचा, म्हणजे त्या लायब्ररी जोडून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मार्ग लिहिलेला असतो आणि कर्नल आधी तो लोडर शोधतो. तो सापडला नाही की हाच संदेश येतो. 'फाइल' ही आज्ञा त्या बायनरीवर चालवा. उत्तरात 'इंटरप्रिटर' या शब्दापुढे जो मार्ग दिसेल तो तुमच्या मशीनवर आहे का बघा. ६४-बिट सिस्टीमवर ३२-बिट बायनरी आणली असेल तर तो नसतो. अल्पाइनसारख्या सिस्टीमवरही नसतो, कारण तेथे ग्लिबसी या नेहमीच्या मूळ सी लायब्ररीऐवजी मसल ही लायब्ररी आहे. तेथे अल्पाइनचे स्वतःचे पॅकेज घेणे हाच इलाज.

याच कुळातले आणखी दोन संदेश आहेत. 'एक्झेक फॉरमॅट एरर' म्हणजे बायनरी दुसऱ्याच प्रोसेसरची आहे. चालवण्याची परवानगी असूनही 'परमिशन डिनाइड' आले, तर 'माउंट'चे उत्तर वाचा. ते विभाजन 'नोएक्झेक' लावून जोडलेले असते, आणि '/टीएमपी' किंवा घरच्या डिरेक्टरीच्या बाबतीत हे बऱ्याच ठिकाणी मुद्दाम केलेले असते.

लायब्ररी कमी असल्याचे मात्र वेगळ्या तऱ्हेने कळते. पडद्यावर 'एक्सपीकॉमग्लूलोड एरर' अशी ओळ येते, तिच्यात 'लिबझूल.एसओ'चा मार्ग आणि त्यापुढे न सापडलेल्या लायब्ररीचे नाव असते, उदाहरणार्थ 'लिबजीटीके-३.एसओ.०'. अशा वेळी बरेच जण 'एलडीडी फायरफॉक्स' चालवतात (एलडीडी ही बायनरीला लागणाऱ्या लायब्ररींची यादी देणारी आज्ञा), सगळे ठीक दिसते आणि ते गोंधळतात. वर सांगितले तसे 'फायरफॉक्स' हे फक्त दार आहे, ते लिबझूल नंतर उघडते. म्हणून एलडीडी लिबझूलवर चालवा : 'एलडीडी /ऑप्ट/फायरफॉक्स/लिबझूल.एसओ'. ज्या ओळींपुढे 'नॉट फाउंड' येईल तेवढी पॅकेजे बसवायची. संदेश पहिल्या कमी लायब्ररीपाशी थांबतो, एलडीडी सगळी यादी एकदम देतो.

आणि 'ग्लिबसीची अमुक आवृत्ती सापडली नाही' असे आले, तर सिस्टीम ब्राउझरपेक्षा जुनी आहे. दुसऱ्या मशीनवरून नवी ग्लिबसी आणून '/लिब'मध्ये टाकू नका. 'एलएस'पासून लॉगिनपर्यंत सगळे तिच्यावर उभे आहे, ती चुकली तर मशीन दुरुस्त करायला आज्ञासुद्धा उरत नाही. त्या सिस्टीमच्या पॅकेजमधली ईएसआर (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती वापरा, नाहीतर सिस्टीमच नवी करा.

प्रश्न : बॅकअपमधली '.मोझिला' डिरेक्टरी 'सुडो सीपी'ने (रूटच्या अधिकाराने कॉपी करून) परत आणली. आता 'प्रोफाइल उघडता येत नाही, ते नाही किंवा पोहोचता येत नाही' अशी खिडकी येते.

प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क, इतिहास आणि सेटिंग्ज ठेवणारी डिरेक्टरी, जागेवर आहे, पण सुडोने कॉपी केल्यामुळे त्याचा मालक रूट झाला आहे. 'एलएस -एलडी ~/.मोझिला' चालवलेत की तिसऱ्या रकान्यात तुमच्या नावाऐवजी 'रूट' दिसेल. उपाय : 'सुडो चाऊन -आर तुमचेनाव: ~/.मोझिला'. यातले 'आर' मोठ्या अक्षरात. नावापुढचा विसर्गासारखा कोलन विसरू नका, त्याने गटही तुमचाच लागतो. '~/.कॅश/मोझिला'लाही तेच करा. पुढच्या वेळी 'सीपी -ए' वापरा. अडचण सोडवण्यासाठी ब्राउझरच सुडोने चालवायचा विचार कराल तर फायरफॉक्स स्वतःच नकार देतो, आणि ते बरे आहे.

प्रश्न : आमच्याकडे घरच्या डिरेक्टरी एनएफएसवर, म्हणजे जाळ्यावरून जोडलेल्या सर्व्हरवर, आहेत. एका वर्कस्टेशनवरून उठून दुसऱ्यावर बसले की 'फायरफॉक्स आधीच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही' असे येते. एरवीही ब्राउझर फार सुस्त वाटतो.

एका वेळी एकाच ब्राउझरने एक प्रोफाइल वापरावे म्हणून फायरफॉक्स त्यात कुलूप घालतो. प्रोफाइलच्या डिरेक्टरीत 'एलएस -एल लॉक' करा. ती साधी फाइल नाही, तर अशी दिसणारी लिंक आहे :

लॉक -> १९२.१६८.१.२०:+४८१२

डावीकडे ज्या मशीनवर ब्राउझर उघडला त्याचा पत्ता, अधिकच्या चिन्हापुढे तिथला प्रक्रिया क्रमांक. त्या मशीनवर जाऊन 'पीएस -पी ४८१२' विचारा. प्रक्रिया जिवंत असेल तर ब्राउझर तेथे बंद करा. 'किल' करायची झाली तर साधी करा, लगेच -९ देऊ नका, इतिहास आणि बुकमार्कच्या फाइली अर्धवट लिहिल्या जात असू शकतात. प्रक्रिया नसेल, म्हणजे मशीन मध्येच बंद पडले असेल, तरच 'लॉक' आणि '.पॅरेंटलॉक' या दोन्ही काढून टाका. काही सिस्टीमवर पत्त्याच्या जागी १२७.०.१.१ दिसतो, कारण '/ईटीसी/होस्ट्स'मध्ये मशीनच्या नावापुढे तोच लिहिलेला असतो. मग कुलूप कोणत्या मशीनचे ते यावरून कळत नाही, एकेक मशीन तपासावे लागते. तेवढे कष्ट घ्या. चालू ब्राउझरचे कुलूप तोडून दुसरा ब्राउझर त्याच प्रोफाइलवर उघडला, तर बुकमार्क आणि इतिहास ठेवणारी 'प्लेसेस.एसक्युलाइट' बिघडू शकते.

दोन्ही मशीनवर एकाच वेळी काम चालत असेल तर दर मशीनला वेगळे प्रोफाइल हाच सरळ मार्ग. पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट:प्रोफाइल्स' टाइप करा आणि तेथे नवे तयार करा.

सुस्तीचे मोठे कारण कॅश, म्हणजे पाहिलेल्या पानांचा तात्पुरता साठा, आहे. दर पानामागे ढीगभर लहान फाइली लिहिल्या जातात आणि त्या सगळ्या जाळ्यावरून सर्व्हरकडे जातात. कॅश जवळच्या डिस्कवर हलवा. '/व्हार/टीएमपी'मध्ये आपल्या नावाची डिरेक्टरी करा, तिला ७०० परवानगी द्या. मग 'अबाउट:कॉन्फिग'मध्ये 'ब्राउझर.कॅश.डिस्क.पॅरेंट_डिरेक्टरी' हे नाव शोधा. ते नसते, म्हणून 'स्ट्रिंग' प्रकार निवडून जोडा आणि त्यात तो मार्ग लिहा. ब्राउझर पुन्हा सुरू करून 'अबाउट:कॅश' उघडा, डिस्क कॅशचा नवा मार्ग तेथे दिसला पाहिजे. ही डिरेक्टरी दर मशीनवर हवी, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : फायरफॉक्सची डिरेक्टरी घरातून '/ऑप्ट'मध्ये हलवली आणि सगळे बुकमार्क गेले!

गेलेले नाहीत. ६७व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स बसवलेल्या जागेप्रमाणे वेगळे प्रोफाइल धरतो. जागा बदलली, म्हणून त्याने नवे कोरे प्रोफाइल काढले. 'अबाउट:प्रोफाइल्स'मध्ये जुने सापडेल, तेच नेहमीचे म्हणून ठरवा आणि ब्राउझर पुन्हा उघडा. नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडायला तो नकार देतो. '--अलाउ-डाउनग्रेड' हा पर्याय त्यासाठी आहे, पण प्रोफाइलची प्रत काढल्याशिवाय तो वापरू नये.

प्रश्न : संस्थेचे अंतर्गत प्रमाणपत्र (साइटची ओळख पटवणारी फाइल) सिस्टीममध्ये बसवले. 'कर्ल'ला ते पटते, फायरफॉक्स आणि क्रोमियम मात्र इशारा देतात.

कर्ल, म्हणजे टर्मिनलवरून वेबवरचा मजकूर आणणारा प्रोग्रॅम, सिस्टीमचा प्रमाणपत्रसंच वाचतो. मोझिलाने दिलेला फायरफॉक्स लिनक्सवर स्वतःचा संच वापरतो. एका वापरकर्त्यापुरते सेटिंग्जमधून आयात करता येते, पण पंधरा-वीस मशीन असतील तर '/ईटीसी/फायरफॉक्स/पॉलिसीज' येथे 'पॉलिसीज.जेसन' ठेवा. त्यात 'पॉलिसीज'च्या आत 'सर्टिफिकेट्स', त्याच्या आत 'इन्स्टॉल', आणि तेथे चौकटी कंसात प्रमाणपत्राच्या फाइलचा पूर्ण मार्ग. या तिन्ही नावांपैकी पहिल्याचे पहिले अक्षर लहान, पुढच्या दोघांचे मोठे. शेवटच्या घटकापुढे एक स्वल्पविराम जास्त पडला तरी सगळी फाइल बाद होते. 'अबाउट:पॉलिसीज' उघडा : नियम लागू झाला असेल तर तेथे दिसतो, चूक असेल तर तीही दिसते. क्रोमियमसाठी प्रमाणपत्र '~/.पीकेआय/एनएसएसडीबी'मध्ये 'सर्टयुटिल'ने घालावे लागते. डेबियनवर तो 'लिबएनएसएस३-टूल्स' पॅकेजमध्ये आहे.

अंतर्गतच नव्हे तर सगळ्याच साइटवर इशारा येत असेल, तर आधी 'डेट' चालवून मशीनचे घड्याळ बघा.

प्रश्न : क्रोमियम 'नो युजेबल सँडबॉक्स' म्हणून बंद पडतो. '--नो-सँडबॉक्स' दिले की चालतो. तसेच ठेवावे का?

नाही. पानावरचा परका कोड तुमच्या फाइलींपर्यंत पोहोचू नये म्हणून सँडबॉक्स ही भिंत आहे, आणि या पर्यायाने तुम्ही ती पाडता. कारण बहुधा असे असते की साध्या वापरकर्त्याला युजर नेमस्पेस (प्रक्रियेला बाकी सिस्टीमपासून वेगळे ठेवणारी कर्नलची सोय) तयार करण्याची मुभा नाही. उबंटू २४.०४वर ॲपआर्मर ही सुरक्षा यंत्रणा ती अडवते, त्यामुळे हाताने उघडलेल्या बायनरी तेथे अडतात. त्या बायनरीच्या मार्गासाठी ॲपआर्मरचे प्रोफाइल (येथे नियमांची फाइल) लिहून 'युजरएनएस'ची परवानगी द्या. दुसरा मार्ग म्हणजे सोबत आलेल्या 'क्रोम-सँडबॉक्स' या फाइलची मालकी रूटला देऊन परवानगी ४७५५ करणे.

प्रश्न : मराठी पानांवर अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. एका मशीनवर चौकोन नाहीत, पण ल आणि श हिंदी वळणाचे येतात.

चौकोन म्हणजे देवनागरी फाँटच नाही. 'एफसी-लिस्ट :लँग=एमआर' चालवा, उत्तर रिकामे आले तर खात्री झाली. नोटो किंवा लोहित देवनागरीचे पॅकेज बसवा. रूट नसेल तर फाँटच्या फाइली '~/.लोकल/शेअर/फाँट्स'मध्ये टाकून 'एफसी-कॅश -एफ' चालवा आणि ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा.

ल आणि श यांची मराठी वळणे काही फाँटमध्ये स्वतंत्र ठेवलेली असतात, पण पानाची भाषा मराठी आहे असे पानाने सांगितले तरच ब्राउझर ती वापरतो. पान तुमचे असेल तर सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगमध्ये 'लँग' या गुणाला 'एमआर' ही किंमत द्या. तरीही हिंदी वळणच आले तर त्या फाँटमध्ये ती सोय नाही, फाँट बदला.