एक्सप्रेसवेवर पहिल्यांदा जाताय? शोल्डरचं एवढं लक्षात ठेवा

अरे वा, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे! घाबरू नका, सवय होते. डावीकडच्या रेघेपलीकडची जागा म्हणजे शोल्डर, ती गाडी बंद पडली नाहीतर कोणाची तब्येत बिघडली तरच वापरायची. चहा, सेल्फी, पोरांची शू यासाठी फूड मॉल आहेत ना. आणि घाटात जाम लागला की लोक शोल्डरवरूनच घुसतात, तुम्ही नका घुसू, ॲम्ब्युलन्स आणि क्रेन तिथूनच येते.

गाडी बंदच पडली तर:
- हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावून जमेल तेवढं डावीकडे घ्या
- सगळे डावीकडच्या दारानं उतरून रेलिंगपलीकडे उभे राहा, एसी लावून आत बसणं ही नवख्यांची हमखास चूक
- मग 112 लावा

माझा खालापूरच्या पुढे उजवा टायर फुटलेला, मी शहाणा स्वतः बदलायला बसलो, शेजारून ट्रक गेला की जॅकवरची गाडी अशी हलायची ना! टोचन बोलवा सरळ. परत निघताना शोल्डरवरच स्पीड धरा, मग आरसा बघून लेनमध्ये.